तुलनात्मक राजकारणाचा पहिला अभ्यास कसा उभा करावा

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यापुढे तुलनात्मक राजकारण हा विषय बहुधा देशांच्या यादीच्या रूपात येतो. ब्रिटनची संसद, अमेरिकेचे अध्यक्षपद, स्वित्झर्लंडचे संघराज्य आणि चीनमधील एकपक्षीय सत्ता अशी प्रकरणे एकामागून एक वाचली जातात आणि उत्तरपत्रिकेत साम्यभेदांचे दोन रकाने आखले जातात. परीक्षेपुरते हे ठीक असले, तरी माहिती शेजारी शेजारी मांडली म्हणजे तुलना झाली असे होत नाही. सारख्या वाटणाऱ्या दोन ठिकाणी वेगळे का घडले, किंवा अगदी वेगळ्या ठिकाणी सारखेच का घडले, असा प्रश्न हाती असेल तरच तुलनेला अर्थ येतो. ॲरिस्टॉटलने आणि त्याच्या शिष्यांनी १५८ नगरराज्यांच्या राज्यव्यवस्थांची माहिती गोळा केली होती असे सांगितले जाते, आणि तीमागेही कोणत्या व्यवस्था टिकतात व कोणत्या कोसळतात हाच प्रश्न होता.

पुढील पायऱ्या समजावून देण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे, ते म्हणजे न्यूझीलंडने १९९६ साली बदललेली निवडणूक पद्धत. हा देश लहान आहे, बदलाची तारीख निश्चित आहे, निकालांची आकडेवारी सर्वांना खुली आहे आणि बदलापूर्वीची पद्धत भारतीय वाचकाच्या परिचयाची आहे.

पहिली पायरी : विषयाचा प्रश्न करणे

“न्यूझीलंडची निवडणूक पद्धत” हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न करण्यासाठी आधी थोडी हकिकत माहीत असावी लागते. १९९३ पर्यंत तेथे आपल्यासारखीच, मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरण्याची पद्धत होती. १९७८ आणि १९८१ या लागोपाठच्या निवडणुकांत लेबर पक्षाला देशभरात अधिक मते मिळाली, पण जागा अधिक मिळाल्या नॅशनल पक्षाला आणि सरकारही त्याचेच झाले. १९८१ साली सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला २० टक्क्यांहून अधिक मते पडली आणि ९२ पैकी केवळ २ जागा मिळाल्या. १९८६ मध्ये एका शाही आयोगाने जर्मनीतील पद्धतीशी मिळतीजुळती मिश्र प्रमाणशीर पद्धत सुचवली. तिच्यात मतदार दोन मते देतो, एक मतदारसंघातील उमेदवाराला आणि दुसरे पक्षाला. पक्षाला एकूण किती जागा मिळणार हे या दुसऱ्या मतावर ठरते. मात्र प्रत्यक्षात लागू झालेल्या नियमानुसार त्यासाठी पक्षाला ५ टक्के मते मिळालेली किंवा त्याने निदान एक मतदारसंघ जिंकलेला असावा लागतो. १९९२ च्या सल्लागार सार्वमतानंतर १९९३ मध्ये बंधनकारक सार्वमत झाले, ५३.९ टक्के मतदारांनी बदलाला कौल दिला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये नव्या पद्धतीने पहिली निवडणूक पार पडली.

या हकिकतीतून निदान दोन प्रश्न निघतात. पद्धत बदलल्यामुळे संसदेतील पक्ष वाढले का, हा एक; आणि जुन्या पद्धतीचा लाभ घेणाऱ्या दोन मोठ्या पक्षांच्या हातात सत्ता असताना ती पद्धत मुळात बदललीच कशी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात निवडणूक पद्धत हे कारण आहे, म्हणजे संशोधनाच्या परिभाषेत स्वतंत्र चल, आणि पक्षांची संख्या हा परिणाम, म्हणजे आश्रयी चल. दुसऱ्या प्रश्नात निवडणूक पद्धतीतील बदल हाच परिणाम ठरतो आणि त्याची कारणे शोधायची असतात. हे दोन प्रश्न एकाच निबंधात एकत्र कालवले, तर पुढची प्रत्येक पायरी चुकते, कारण कोणत्या देशांशी तुलना करायची हेही प्रश्नानुसार बदलते. म्हणून नवख्या अभ्यासकाने प्रश्न एका वाक्यात लिहावा, त्यात कारण आणि परिणाम वेगवेगळे अधोरेखित करता येतात का ते पाहावे आणि येत नसतील तर वाचन वाढवण्याआधी वाक्यच दुरुस्त करावे.

दुसरी पायरी : संकल्पना निश्चित करणे

या विषयात तीन संकल्पनांची गल्लत सर्वाधिक होते. राज्यसंस्था म्हणजे विशिष्ट भूप्रदेशावर अधिकार चालवणारी, तुलनेने टिकाऊ रचना. राजवट म्हणजे सत्ता कोणाच्या हाती, कोणत्या नियमांनी जाईल याची घडी. सरकार म्हणजे त्या नियमांनुसार आज सत्तेवर असलेली मंडळी. हुकूमशहा फ्रँकोच्या १९७५ मधील मृत्यूनंतर स्पेनमध्ये राजवट बदलली, पण स्पॅनिश राज्यसंस्था टिकली. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हियात राज्यसंस्थाच फुटली. आणि लोकशाही देशांत निवडणुकीनंतर बदलते ते सरकार. “अमुक देशात अस्थैर्य आहे” असे विधान करताना या तिन्हींपैकी नेमके काय अस्थिर आहे हे सांगितले नाही, तर विधानाला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरी अडचण अशी की एका प्रदेशात घडलेली संकल्पना अधिकाधिक देशांना लागू करण्याच्या नादात ती इतकी ताणली जाते की तिच्यात काहीही बसू लागते. इटालियन राज्यशास्त्रज्ञ जोव्हानी सार्तोरी यांनी १९७० साली याच धोक्यावर बोट ठेवले. संकल्पना अधिक देशांना लावायची असेल तर तिच्यातील अटी कमी कराव्या लागतात आणि अटी कायम ठेवायच्या असतील तर देश कमी होतात, असा त्यांचा सांगावा होता. दोन्ही एकदम साधण्याचा आव आणला की संकल्पना पातळ होते.

व्याख्येतील एखादी अट किती महाग पडू शकते हे बोट्सवानाच्या उदाहरणातून दिसते. १९६६ मध्ये स्वतंत्र झाल्यापासून तेथे नियमित बहुपक्षीय निवडणुका होत होत्या, परंतु प्रत्येक वेळी एकच पक्ष विजयी होत असे. राज्यशास्त्रज्ञ ॲडम प्रझेवर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकशाहीची जी काटेकोर कसोटी ठरवली होती, तिच्यात सत्ताधारी पक्षाने निवडणूक हरून सत्ता सोडल्याचा दाखला आवश्यक होता. त्यामुळे त्यांच्या वर्गीकरणात बोट्सवाना लोकशाही देशांत बसला नाही, तर इतर अनेक अभ्यासकांनी त्याला आफ्रिकेतील सर्वांत जुन्या लोकशाह्यांपैकी एक मानले. २०२४ मध्ये तो पक्ष हरला आणि सत्तांतर शांतपणे झाले. मग त्याआधीच्या ५८ वर्षांची नोंद कोणत्या रकान्यात करायची? याचे उत्तर आकडेवारी देत नाही. ते व्याख्या करणाऱ्यालाच द्यावे लागते, आणि कारणासह.

तिसरी पायरी : संकल्पनेचे मोजमाप

“पक्ष वाढले का” हे ठरवायचे तर पक्ष मोजावे लागतात. नुसती नावे मोजली, तर १२० जागांच्या सभागृहात १ जागा असलेला पक्ष आणि ४४ जागा असलेला पक्ष सारखेच धरले जातात. यावर मार्कु लाक्सो आणि राइन तागेपेरा यांनी १९७९ मध्ये पक्षांच्या परिणामकारक संख्येचे सूत्र सुचवले, ते आजही सर्वत्र वापरले जाते. प्रत्येक पक्षाच्या जागांचा वर्ग करावा, त्या वर्गांची बेरीज करावी आणि एकूण जागांच्या वर्गाला त्या बेरजेने भागावे. कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा स्वतः करून पाहावे, अशी आग्रहाची सूचना आहे. तयार तक्त्यातून आकडा उचलला की तो कशाचा आहे हे कळत नाही.

१९९३ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत ९९ जागा होत्या. नॅशनल ५०, लेबर ४५, अलायन्स २ आणि न्यूझीलंड फर्स्ट २. वर्गांची बेरीज ४५३३ येते, ९९ चा वर्ग ९८०१, आणि भागाकार २.१६. म्हणजे नावे चार असली तरी ते सभागृह जवळजवळ दोनच पक्षांचे होते. १९९६ मध्ये १२० जागांची वाटणी ४४, ३७, १७, १३, ८ आणि १ अशी सहा पक्षांत झाली. १४४०० ला ३८२८ ने भागले की ३.७६ हे उत्तर मिळते. एका निवडणुकीत २.१६ वरून ३.७६ ही उडी मोठी आहे.

आता हेच सूत्र महाराष्ट्राच्या २०१९ च्या विधानसभेला लावून पाहावे, म्हणजे सूत्र सोपे असले तरी मोजणी सोपी का नाही हे ध्यानात येईल. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी काँग्रेस ५४, काँग्रेस ४४ आणि उरलेल्या २९ जागा लहान पक्ष व अपक्ष यांच्या. प्रत्येक पक्ष आणि प्रत्येक अपक्ष स्वतंत्र धरला, तर परिणामकारक संख्या ४.३५ येते. परंतु भाजप-शिवसेना युती आणि दोन्ही काँग्रेसची आघाडी यांनी जागावाटप करून निवडणूक लढवली होती, म्हणून त्या जोड्यांना एकेक एकक मानले, तर तीच संख्या २.३३ वर येते. विधानसभा तीच आणि आमदार तेच असूनही एका मोजणीत महाराष्ट्र बहुपक्षीय ठरतो, तर दुसरीत जवळजवळ द्विपक्षीय. शिवाय निकालानंतर महिनाभरातच युती मोडली आणि नवीच आघाडी उभी राहिली, तेव्हा २.३३ हा आकडा निवडणुकीपुरताच खरा होता. मतदारापुढे किती पर्याय होते हा प्रश्न असेल तर युती-आघाडीची मोजणी योग्य, आणि सरकार बनवताना किती जणांशी बोलणी करावी लागतील हा प्रश्न असेल तर पक्षांची. आपण कोणती मोजणी केली आणि का, हे लिहिल्याखेरीज आकडा देऊ नये. माझ्या मते या विषयातील निम्मे वाद या पायरीवर मिटू शकतात, पण प्रबंधांत तिला बहुधा एक परिच्छेद मिळतो.

चौथी पायरी : कोणाशी तुलना करायची

न्यूझीलंडचे आधीचे आणि नंतरचे आकडे समोर ठेवले, म्हणजे पद्धतीचा परिणाम सिद्ध झाला असे वाटू लागते. तथापि १९९० च्या दशकात जुने पक्ष सर्वत्रच फुटत असतील तर? ही शंका दूर करण्यासाठी असा देश हवा, जो बाकी बाबतींत न्यूझीलंडसारखा आहे पण ज्याने पद्धत बदललेली नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये मांडलेल्या भेद-पद्धतीचे हे राजकीय रूप आहे. बाकी सारे सारखे आणि एकच गोष्ट वेगळी असेल, तर परिणामातील फरकाचे कारण त्या एका गोष्टीत शोधता येते. प्रत्यक्षात बाकी सारे कधीच सारखे नसते, म्हणून शक्य तितके सारखे देश घ्यायचे आणि उरलेले फरक उघड मांडायचे.

कॅनडा येथे उपयोगी पडतो. दोन्ही देश ब्रिटिश साम्राज्यातून घडलेले, दोन्हींत संसदीय शासन. १९९३ मध्ये कॅनडातही मोठी उलथापालथ झाली आणि सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १६ टक्के मते मिळूनही केवळ २ जागा मिळाल्या. सूत्र लावल्यास मात्र १९८८ च्या सभागृहातील परिणामकारक संख्या २.३३ येते आणि १९९३ च्या सभागृहातील २.३५. म्हणजे जुनी पद्धत कायम असलेल्या देशात मतदारांनी पक्ष उलटेपालटे करूनही सभागृहातील विखुरलेपण वाढले नाही. न्यूझीलंडमधील वाढ नव्या पद्धतीमुळे झाली या म्हणण्याला यातून बळकटी मिळते.

या तुलनेत दोन गोष्टी आणखी दिसतात, आणि त्या टाळून पुढे जाणे बरे नव्हे. एक, हे सूत्र पक्ष कोणते हे पाहत नाही. एक पक्ष जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याच्या जागी दोन नवे आले तरी आकडा हलला नाही. दोन, त्याच निवडणुकीत केवळ क्वेबेक प्रांतात लढणाऱ्या ब्लॉक क्वेबेक्वा या पक्षाला देशभरातील १३.५ टक्के मतांवर ५४ जागा मिळाल्या. सर्वाधिक मतांच्या पद्धतीत दोनच पक्ष टिकतात असे फ्रेंच अभ्यासक मोरिस दुव्हर्जे यांच्या नावाने सांगितले जाते, परंतु ते फार तर मतदारसंघापुरते खरे आहे. मते एका प्रदेशात एकवटलेली असतील तर तिसरा-चौथा पक्षही याच पद्धतीत भक्कम उभा राहतो. द्रमुक किंवा अकाली दल यांचा इतिहास माहीत असलेल्या भारतीय वाचकाला हे वेगळे सांगायला नको. आणि कॅनडा संघराज्य आहे, न्यूझीलंड नाही, हा उरलेला फरकही येथेच नोंदवावा लागतो.

याउलट, फार वेगळ्या देशांत एकच परिणाम दिसत असेल तर त्यांच्यातील समान धागा शोधण्याची दुसरी रीत आहे. तिची कल्पना असावी, मात्र पहिल्या अभ्यासासाठी ती निसरडी आहे, कारण कोणत्याही दोन देशांत काही ना काही समान सापडतेच.

दुसरा प्रश्न, म्हणजे पद्धत बदललीच कशी हा, घेतला असेल तर कॅनडा देश म्हणून पुरेसा नाही, परंतु त्याचा ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत अत्यंत बोलका आहे. यशस्वी बदलांचीच उदाहरणे गोळा करणे ही नवख्यांची नेहमीची खोड असते. ज्या देशांत बदल झाला तेवढेच पाहिले, तर त्या सर्वांत आढळणारी गोष्ट कारण आहे की योगायोग हे ठरवता येत नाही, कारण तीच गोष्ट असूनही जेथे बदल झाला नाही ती ठिकाणे नजरेआड राहतात. ब्रिटिश कोलंबियात १९९६ मध्ये न्यूझीलंडसारखीच विसंगती घडली होती. अधिक मते लिबरल पक्षाला मिळाली आणि सत्ता न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला. पुढे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक रीतीने निवडलेल्या नागरिकांच्या सभेने नवी पद्धत सुचवली आणि २००५ च्या सार्वमतात ५७.७ टक्के मतदारांनी तिला पाठिंबा दिला. तरीही बदल झाला नाही, कारण ६० टक्क्यांची अट होती. न्यूझीलंडमध्ये साधे बहुमत पुरेसे होते आणि तेथील ५३.९ टक्के मते ब्रिटिश कोलंबियाच्या नियमाने अपुरी पडली असती. मतदारांची नाराजी हे एकमेव कारण मानणारा अभ्यास या एका जोडीपुढे टिकत नाही. सार्वमताचे नियम कोणी आणि केव्हा ठरवले याकडे त्याला वळावेच लागते. देशाची तुलना प्रांताशी करावी का, असा आक्षेप येईल. दोन्ही ठिकाणी निवडणूक पद्धत ठरवण्याचा अधिकार तेथील विधिमंडळाकडेच असल्याने या प्रश्नापुरती ती एकके तुल्य आहेत. लष्करावरील खर्चाचा प्रश्न असता तर ती नसती.

पाचवी पायरी : सहसंबंधाकडून कारणाकडे

जागांऐवजी मतांचे वाटे घेऊन तेच सूत्र लावले, तर न्यूझीलंडची १९९३ मधील संख्या सुमारे ३.५ येते आणि १९९६ मधील सुमारे ४.४. म्हणजे जुनी पद्धत असतानाच मतदार दोन पक्षांपासून दूर गेले होते. १९९३ च्या निवडणुकीत अलायन्सला १८ टक्के मते मिळाली होती. मात्र ती विखुरलेली असल्याने त्यांच्या जागा होत नव्हत्या. मग पक्ष वाढले ते निवडणूक पद्धतीमुळे, की १९८४ नंतरच्या आर्थिक उदारीकरणावर चिडून जिम अँडरटन १९८९ मध्ये लेबर पक्षातून बाहेर पडले तेव्हापासून सुरू झालेल्या फाटाफुटीमुळे? सभागृहातील उडीचा बराचसा भाग मतांचे जागांत रूपांतर करण्याच्या यंत्रणेमुळे आहे, असे वरील आकडे सांगतात. मतांमधील उरलेली वाढ नव्या पद्धतीची चाहूल लागून नेत्यांनी वेगळी चूल मांडल्यामुळे आहे का, हे मात्र आकड्यांवरून कळणार नाही.

येथे घटनाक्रमाचा माग काढण्याची पद्धत लागते. तारखा लावाव्यात, पक्षांचे जाहीरनामे, संसदेतील भाषणे आणि आयोगाचा अहवाल वाचावा आणि प्रत्येक टप्प्यावर “त्या वेळी या व्यक्तीला काय माहीत होते” असे विचारावे. १९८७ च्या प्रचारात दूरचित्रवाणीवरील चर्चेत पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांनी सार्वमताचे आश्वासन दिले, लेबर सरकारने ते पाळले नाही आणि १९९० मध्ये नॅशनल पक्षाने तेच आश्वासन प्रतिपक्षाला खिजवण्यासाठी उचलले. त्यानंतर मात्र मागे फिरणे कठीण झाले. मोठे पक्ष स्वतःच्या लाभाविरुद्ध कसे वागले, या कोड्याचा मोठा भाग या तीन घटनांच्या क्रमात उलगडतो.

कधी कधी मात्र राजकारण स्वतःच प्रयोग मांडून देते. मुंबई महानगरपालिकेत महिलांसाठी राखीव प्रभाग सोडतीने ठरत असत, त्यामुळे राखीव आणि खुले प्रभाग यांत आधीपासूनचा पद्धतशीर फरक असण्याचे कारण नव्हते. रिखिल भावनानी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९७ ला राखीव असलेले आणि २००२ ला खुले झालेले प्रभाग तपासले, तेव्हा त्या प्रभागांत महिला निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत सुमारे पाचपट आढळली. अशी सोडत हाती असेल तर देशोदेशींच्या तुलनेपेक्षा एका शहरातील तुलना कारणाविषयी अधिक खात्रीने बोलू शकते. ती मुंबईबाहेर कितपत लागू होते, हा मात्र वेगळा प्रश्न राहतो.

सहावी पायरी : तयार निर्देशांक जपून वापरणे

निवडणूक निकालांसाठी त्या त्या देशाच्या निवडणूक आयोगाचे अहवाल घ्यावेत, संसदेतील महिलांच्या प्रमाणासाठी आंतरसंसदीय संघाची आकडेवारी आहे आणि भारतीय मतदार काय विचार करतात हे पाहण्यासाठी लोकनीती या संशोधन कार्यक्रमाची सर्वेक्षणे आहेत. लोकशाहीचे निर्देशांक मात्र वेगळ्या जातीचे असतात, कारण त्यांत तज्ज्ञांचे मूल्यांकन मिसळलेले असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालांत भारताला फ्रीडम हाउसने “अंशतः मुक्त” म्हटले, व्ही-डेमने निवडणुका होणारी एकाधिकारशाही म्हटले आणि इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने सदोष लोकशाही. भारत सरकारने असे निष्कर्ष फेटाळले. अशा वेळी आवडता निर्देशांक निवडून मोकळे होऊ नये. त्याची संकेतपुस्तिका उघडून कोणत्या प्रश्नांना किती वजन दिले आहे ते वाचावे आणि निष्कर्ष दुसऱ्या निर्देशांकावर टिकतो का ते तपासावे.

सातवी पायरी : लिहिण्यापूर्वीचे एक पान

पहिल्या मसुद्याआधी एका पानावर प्रश्न, संकल्पनांच्या व्याख्या, मोजमापाची रीत, निवडलेली ठिकाणे व ती निवडण्याचे कारण लिहावे आणि खाली एक वाक्य जोडावे : काय आढळले तर माझे म्हणणे चूक ठरेल. न्यूझीलंडच्या पहिल्या प्रश्नासाठी ते वाक्य असे लिहिता येईल की, पद्धत न बदललेल्या तुल्य देशांतही त्याच काळात सभागृहातील परिणामकारक संख्या एवढीच वाढली असेल, तर ही परिकल्पना सोडावी लागेल. हे पान मार्गदर्शकाला दाखवून मगच आकडेवारी उतरवून घ्यावी. आकडे आधी पाहून नंतर लिहिलेले पान त्या आकड्यांशी नेहमीच जुळते.